कापड नका बदलू, आधी खांदा उसवा: साय-फाय अधिकाऱ्याचा गणवेश अंगावर बसवताना

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला आणि फोटोही मोठे करून पाहिले. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून तुमचंच म्हणणं थोडक्यात मांडतो. तुम्ही जळगावचे. डिसेंबरात मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स-चित्रपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) 'स्टार वॉर्स'मधल्या इंपीरियल, म्हणजे खलनायकी साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे त्या करड्या-हिरव्या बंद गळ्याच्या गणवेशात जायचं तुम्ही ठरवलंय. भारीतलं टेरीवूल (लोकर-पॉलिस्टरचं मिश्र कापड) घेतलं, ओळखीच्या टेलरला फोटो दाखवून ट्यूनिक (बंद गळ्याचा गणवेशाचा कोट) आणि ब्रीचेस (मांडीला फुगीर, पोटरीला घट्ट विजार) शिवून घेतल्या, छातीवरची हुद्द्याची पट्टी बाहेरून मागवली. पलंगावर पसरून ठेवलं की सगळं हुबेहूब दिसतं. अंगात घातलं की मित्र म्हणतात, "लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसतोय भो." आणि तुम्ही विचारताय, की कापड बदलून सगळं नव्याने शिवू का?

मी भुसावळला गणवेशच शिवतो. रेल्वे, पोलीस, एनसीसी, शाळा-कॉलेजची संमेलनं आणि बँडपार्ट्याही. अलीकडे तुमच्यासारखी मुलं चित्रपटातले नाहीतर गेममधले गणवेश घेऊन येतात, तीही कामं मनापासून करतो. माझं उत्तर असं, की कापडाला हात लावू नका. तुमचं कापड चांगलं आहे. गणवेश खरा वाटतो तो खांदा, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) आणि गळा या तीन जागांवर. त्या तिन्ही जागा तुमच्या ट्यूनिकमध्ये सैल पडल्यात.

तुमच्या मित्राचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त त्यामागचं कारण समजून घ्या. बँडचा गणवेश मुद्दाम सैल कापतात. आज जो क्लॅरिनेट वाजवतो तो पुढच्या सीझनला असेलच असं नाही, म्हणून एकच कोट निरनिराळ्या अंगांना चालायला हवा. वाजवणाऱ्याला छाती फुगवून श्वास घ्यायचा असतो, तासन् तास मिरवणुकीत चालायचं असतं. म्हणून मुंढा खोल, छातीला घेर जास्त, खांदा सरसकट. त्या कामासाठी तो कोट योग्यच असतो. अधिकाऱ्याची ट्यूनिक मात्र एकाच माणसाच्या अंगाची असते. तुमच्या टेलरने शर्टाचा किंवा सैल कोटाचा नेहमीचा कट घेऊन त्यावर समोरचा पदर (छातीवर एकावर एक येणारा भाग) आणि उभी कॉलर चढवली. बाहेरून तपशील जुळले, आतला सांगाडा मात्र दुसऱ्याच कपड्याचा राहिला.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तुम्हाला फक्त कॉमिक कॉनला फिरायचं आणि फोटो काढायचे असतील तर कमरेच्या वरचा भाग नीट बसवला तरी काम होईल. स्पर्धेत उतरायचं असेल तर परीक्षक जवळ येऊन शिवण बघतात, उलटी बाजूही बघतात. आणि पुढे-मागे ५०१ लीजनसारख्या, 'स्टार वॉर्स'चे पोशाख घालणाऱ्या चाहत्यांच्या संस्थेत जायचं मनात असेल, तर तिथे प्रत्येक पोशाखाची लेखी यादी असते. ही संस्था १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. सभासद अठरा वर्षांवरचा लागतो, आणि पोशाख त्यांच्या संदर्भयादीशी ताडून फोटोवरून मंजूर करतात. मूळ मंजुरी आणि त्यावरच्या काटेकोर पातळ्या अशी त्यांची रचना आहे. ते ध्येय असेल तर कात्री लावण्याआधी ती यादी ओळ न् ओळ वाचा आणि टेलरलाही समजावून सांगा. तुमच्या प्रश्नावरून तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मध्ये आहात असं धरून पुढे लिहितो.

हा गणवेश 'काल्पनिक' आहे म्हणून तो नाटकाच्या ड्रेससारखा शिवायचा, हा समज पहिल्यांदा सोडा. १९७७च्या पहिल्या चित्रपटाची वेशभूषा जॉन मोलो यांची. ते मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते, आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. पुढे 'गांधी'साठी त्यांना दुसरं ऑस्कर मिळालं ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांच्यासोबत, विभागून. हे सांगण्याचं कारण असं, की त्या ट्यूनिकची घडण जुन्या युरोपीय घोडदळाच्या आणि अधिकाऱ्यांच्या गणवेशांवरून आलेली आहे. म्हणजे जो टेलर पोलीस अधिकाऱ्याची समारंभाची ट्यूनिक किंवा बंद गळ्याचा जोधपुरी कोट नीट शिवतो, त्याच्या हातात हे काम निम्मं आधीच आहे. नाटकाचे ड्रेस भाड्याने देणाऱ्याकडे ते नाही. जळगावात किंवा धुळ्यात टेलर शोधताना "कॉस्प्ले (चित्रपट-गेममधल्या पात्रांचे पोशाख) शिवता का" असं विचारू नका. "बंद गळा कॅनव्हास घालून शिवता का, दोन भागांची बाही कापता का," असं विचारा. कॅनव्हास म्हणजे आकार धरून राहावा म्हणून आत घालतात ते जाड कापड. त्याचं उत्तर ऐकलं की तुम्हाला कळेल.

तुमच्या फोटोंत मला काय दिसलं ते सांगतो. कपड्यावरची सुरकुती कुठून निघते आणि कुठे जाते हे वाचायला शिकलात तर टेलरशी भांडण होत नाही. "नीट बसत नाही" एवढंच म्हटलं तर तो कंबर आवळून देईल, आणि बिघाड वाढेल.

बाजूच्या फोटोत ट्यूनिकचा मागचा काठ पुढच्यापेक्षा चांगला दोन बोटं वर उचललेला आहे, आणि कॉलर मानेच्या मागे सुटून उभी आहे. मधे बोट जाईल एवढी फट दिसतेय. याचा अर्थ तुमची पाठ किंचित वाकलेली आहे, खांदे पुढे आलेले आहेत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण वाकलेल्या पाठीला मागची लांबी जास्त लागते आणि पुढची कमी. टेलरने ताठ माणसाचा कट घेतला, म्हणून मागचं कापड अपुरं पडून वर ओढलं गेलं आणि पुढचं जादा होऊन छातीवर पोकळ उभं राहिलं. छातीवरची पट्टी तुम्हाला वाकडी लागल्यासारखी वाटते ती याचमुळे. पट्टी सरळच आहे, तिच्याखालचं कापड कलतंय.

समोरच्या फोटोत गळ्याच्या कोपऱ्यापासून काखेकडे तिरक्या जाणाऱ्या घड्या आहेत. या घड्या उतरत्या खांद्याच्या. कट चौकोनी खांद्याचा, तुमचा खांदा उतरता, म्हणून टोकाला कापड लोंबतं आणि तिरकी ओढ पडते. याच्या उलट असतं, खांदा चौकोनी आणि कट उतरता, तर पाठीवर कॉलरच्या बरोबर खाली आडवी वळी पडली असती. तुमच्याकडे ती नाही. तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा जास्तच खाली आहे, ते बॅग एका बाजूला अडकवण्याने होतं. तिथे पॅडचा एक पातळ थर जास्त द्यायचा.

तिसऱ्या फोटोत तुम्ही हात वर केलाय आणि सगळी ट्यूनिक हाताबरोबर वर गेलीय. पट्टा छातीच्या दिशेने सरकलाय. हा मुंढ्याचा दोष. इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. मुंढा खोल ठेवला की हात मोकळा हलतो असं वाटतं. प्रत्यक्षात मुंढा जितका काखेजवळ, तितका हात बाकीच्या कोटाला न ओढता वर जातो. मुंढा खाली असला की बाही थेट कुशीच्या (काखेखालच्या बाजूच्या) शिवणीला बांधल्यासारखी होते, आणि हात उचलला की कूस उचलते. लष्करी ट्यूनिकमध्ये सलाम करताना पट्टा जागचा हलत नाही, कारण मुंढा उंच असतो आणि बाही दोन भागांची, कोपरात वळण दिलेली असते.

आता दुरुस्ती. ट्यूनिक उलटी करा आणि आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, मोजा. कूस, पाठीची मधली शिवण, खांदा आणि खालची मोड (दुमडलेला काठ), या चार ठिकाणी. टेलरने ओव्हरलॉक मारून माया अर्ध्या इंचावर छाटली असेल तर पाठ वाढवता येणार नाही. इंचभर किंवा जास्त असेल तर तुमचं नशीब चांगलं. तुमच्या बाबतीत मार्ग खांद्यातून आहे. बाही काढायची, कॉलर काढायची, खांद्याची शिवण उसवायची. पुढच्या भागाला खांद्यावर साधारण एक सेंटीमीटर वर ओढून घ्यायचं, खांद्याच्या टोकाला त्याहून थोडं जास्त. मागच्या भागाची असेल नसेल ती माया इथे सोडायची. याने एकाच वेळी तीन गोष्टी होतात: छातीवरचं पोकळ कापड खेचलं जातं, तिरक्या घड्या जातात आणि मुंढाही वर उचलला जातो. गळा मात्र लहान होतो, तो पुन्हा आखून कापावा लागतो. खालची लांबी कमी होते, ती मोडीतून सोडायची. मग कॉलर नव्याने बसवायची आणि बाही थोडी पुढे फिरवून लावायची, कारण तुमचे हात उभे राहताना पुढे लोंबतात.

हे काम जुन्या शिवणीवर करताना टेलर नाखूश असतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. नवीन शिवण्यापेक्षा उसवून बसवायला जास्त वेळ लागतो. त्याला त्या वेळेचे पैसे आनंदाने द्या. आणि एक हट्ट मात्र धरा: कच्च्या टाक्यावर (हाताने घातलेल्या तात्पुरत्या शिवणीवर) ट्रायल घेतल्याशिवाय मशीन चालवायची नाही.

खांदा झाला की गळा. या गणवेशाचा सगळा रुबाब उभ्या कॉलरमध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त बिघडते तीच. तुमची कॉलर समोर दुमडतेय, कारण आत फक्त फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं अस्तर आहे. आपल्याकडच्या उन्हात आणि घामात स्वस्त फ्यूजिंगला फुगे येतात, आणि वरून इस्त्री फिरवली की फुगे आणखी उठतात. कॉलरसाठी सुती बकरमचे (खळ दिलेल्या कडक कापडाचे) दोन थर घ्या, आतला थर शिवणीच्या रेषेपर्यंतच कापा, मायेत जाऊ देऊ नका, नाहीतर काठ जाड होतो. दोन थर एकमेकांना वक्र आकारातच टाचायचे. सपाट टाचून नंतर मानेभोवती वळवलं तर आतल्या बाजूला चुणी पडते. गळ्याशी मजबूत हुक आणि आकडा हवा, बटण नको. कॉलरच्या आतून एक पांढरी सुती पट्टी कच्च्या टाक्याने लावा. ती काढून धुता येते, घाम टेरीवूलला लागत नाही आणि मानही सोलत नाही. जुन्या लष्करी ट्यूनिकमध्ये ही सोय असायची, ती इथेही उपयोगाची आहे.

कॉलर किती उंच ठेवायची, हा प्रश्न नेहमी येतो. पडद्यावरच्या नटाची इंचातली मापं आपल्या उपयोगाची नाहीत, प्रमाण उपयोगाचं. चित्रपट थांबवून नट समोर बघत असलेला क्षण घ्या. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा फूटपट्टीने मोजा, मग कॉलर मोजा. समजा कॉलर चेहऱ्याचा चौथा भाग निघाली, आणि तुमचा चेहरा १८ सेंटीमीटर आहे, तर तुमची कॉलर साडेचार. मान आखूड असेल तर त्यातून थोडं कमी करा. नाहीतर डोकं ट्यूनिकवर ठेवल्यासारखं दिसतं. हीच पद्धत छातीवरच्या पट्टीला, पट्ट्याच्या रुंदीला, बक्कलला, खिशाच्या जागेला वापरा. सहा फुटी माणसाच्या मापाची पट्टी साडेपाच फुटी माणसाच्या छातीवर मोठी दिसते आणि आपल्याला वाटतं की ती चुकीची मागवली गेली.

संदर्भ घेतानाही एक शिस्त पाळा. एक चित्रपट निवडा, त्यातला एक अधिकारी निवडा आणि त्याच्यावरच राहा. पहिल्या भागातल्या हुद्द्याच्या पट्ट्या आणि पुढच्या भागांतल्या पट्ट्या एकसारख्या नाहीत. एकाची टोपी, दुसऱ्याची पट्टी आणि तिसऱ्या गेममधला पट्टा घेतला तर जाणकाराला लगेच खटकतं. पोस्टर आणि खेळण्यांच्या डब्यावरची चित्रं बाजूला ठेवा, ती रंगवलेली असतात. पाठ आणि बाजू दिसणारे क्षण शोधून काढा, कारण समोरून सगळेच नक्कल करतात.

रंगाबद्दल तुम्ही काळजीत आहात, की घरात कापड हिरवट दिसतं आणि दारात करडं. असं होतंच. या मिश्र रंगाचं कापड ट्यूबलाइटखाली एक, उन्हात दुसरं आणि हॉलच्या पिवळट एलईडीखाली तिसरं दिसतं. मोबाईलच्या पडद्यावर तर प्रत्येक फोन वेगळा रंग दाखवतो. उरलेला तुकडा घेऊन सकाळच्या सावलीत बघा, मग एखाद्या मॉलच्या किंवा मंगल कार्यालयाच्या दिव्यांखाली बघा. दोन्हीकडे करड्याकडे झुकत असेल तर निश्चिंत राहा. पुढच्यांसाठी सांगतो: चमकणारं पॉलिस्टर घेऊ नका, फ्लॅशमध्ये ते नाटकी दिसतं. शुद्ध लोकरीचं गॅबर्डिन सर्वांत सुंदर पडतं, पण महाग आहे. टेरीवूल हा मधला मार्ग. त्याहून कमी बजेट असेल तर भिलवाड्याचं मॅट पॉली-व्हिस्कोस सूटिंग घ्या, मध्यम वजनाचं. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर मध्यम अंगाच्या माणसाला ट्यूनिक, ब्रीचेस आणि टोपी मिळून चार मीटर धरा. कापायच्या आधी वाफ देऊन आटवून घ्या आणि सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. तिरक्या विणीच्या कापडाचा एक भाग उलटा लागला तर त्याची छटा वेगळी दिसते, आणि मग कितीही इस्त्री केली तरी ती जात नाही.

समोरचा पदर. बटणं बाहेर दिसत नाहीत, म्हणून तुमच्या टेलरने लांब वेल्क्रो लावलंय. ते काढा. वेल्क्रो कापडापेक्षा कडक असतं, त्यामुळे पदराची धार लाटेसारखी उठते. तुमच्या फोटोत ती दिसतेच आहे. त्याऐवजी आतून टिच (दाबून लावायची) बटणं आणि चपटे हुक आलटूनपालटून लावा, आणि कमरेच्या उंचीवर आतल्या पदराला एक वेगळं बटण द्या. दुहेरी छातीच्या कोटात असं बटण असतंच. आतला पदर त्या बटणाने तोलून धरला की बाहेरचा पदर सरळ पडतो. नाहीतर आतला खाली सरकतो आणि बाहेरच्याला ओढतो. छातीच्या पुढच्या भागात कॅनव्हासचा एक तुकडा टाचून घेतलात तर फारच छान, पट्टीच्या आणि खिशाच्या जागेला मागून आधार मिळतो.

ब्रीचेसबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण त्यातही एक गोष्ट आहे. मांडीचा फुगा आणण्यासाठी तुमच्या टेलरने आत फोम घातलाय असं दिसतंय. फोम काढून टाका. तो फुगा बाहेरच्या शिवणीच्या वळणातून यायला हवा. जोधपूरच्या सर प्रताप सिंहांनी १८९७ मध्ये इंग्लंडला जाऊन जी तऱ्हा तिकडे लोकप्रिय केली, तिच्यामागे साधं कारण होतं. तेव्हा ताणणारं कापड नव्हतं आणि घोड्यावर मांड ठोकायला मांडीला जागा लागायची. म्हणून मांडी मोकळी आणि गुडघ्याखाली पोटरी घट्ट. घट्टपणा गुडघ्याच्या बरोबर खालून सुरू व्हायला हवा. तुमच्या ब्रीचेसमध्ये तो पोटरीच्या मध्यावर सुरू होतो, म्हणून बुटाच्या वर कापडाची थैली लोंबते. पोटरीला बाहेरून चेन देऊन घट्ट करा. बसून, उकिडवं बसून, जिना चढून बघा. सीटला ताण येत असेल तर तिथे लगेच कापड सोडा. कार्यक्रमात शिवण उसवली तर तिथे टेलर मिळणार नाही.

आणि हे सगळं बूट घालूनच बघायचं. खरं तर बूट आधी घ्यायचे असतात. टाच इंचभर उंच झाली की कंबर पुढे जाते, पाठ बदलते, ट्यूनिकचा काठ बदलतो. गुडघ्यापर्यंतचे काळे, लेस नसलेले बूट हवेत. घोडेस्वारीच्या बुटांचं काम कानपूरकडे होतं, तिथून मागवता येतात. मागवताना पोटरीचं माप ब्रीचेस घालून, संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. बजेट नसेल तर चांगल्या घडणीचे काळे गमबूट घेऊन वरची कड मोच्याकडून कापून, काठ बांधून, आत सुकतळा घालून घ्या. दोन पावलांवरून फरक कळतो, फोटोत कळत नाही.

थोडक्यात क्रम असा लावा: बूट, मग आतला सुती बनियन, मग ब्रीचेस, मग ट्यूनिकचा खांदा आणि गळा, मग पट्टा, मग टोपी, आणि छातीवरची पट्टी अगदी शेवटी. पैसेही याच क्रमाने खर्च करा. बहुतेक मुलं पट्टीपासून सुरुवात करतात कारण ती सगळ्यात आकर्षक असते, आणि शिलाईसाठी पैसे उरत नाहीत.

पट्टा कमरेवर खाली घसरतो अशी तुमची तक्रार आहे. ट्यूनिकच्या कुशीत दोन्ही बाजूंना आतून आधार देऊन चपटे हुक बाहेर काढा, पट्टा त्यावर टेकतो. जुन्या सैनिकी ट्यूनिकमध्ये असे हुक असायचे. पट्टा बांधल्यावर कमरेवर जमणारं जादा कापड दोन्ही हातांनी मागे ओढून पाठीवर दोन सरळ घड्या घाला, समोरचा भाग ताठ पाटीसारखा राहायला हवा. छातीवरची पट्टी पिनेने लावू नका, टेरीवूलला भोकं पडतात. मागे छोटी चुंबकं लावा आणि कापडाच्या आत कॅनव्हासचा तुकडा ठेवा. चित्रपटात अधिकाऱ्यांच्या छातीवरच्या खिशात दिसतात त्या बारीक नळ्या हव्या असतील तर ॲल्युमिनियमच्या सळईवर एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला करून देईल, चित्र आणि माप लिहून द्या. पट्टीचे रंगीत चौकोन रेडियमच्या दुकानात ॲक्रिलिकमध्ये कापून मिळतात. रंग मागच्या बाजूने द्या म्हणजे समोरून काचेसारखी खोली येते.

टोपी मी इथे थोडक्यात सांगतो, कारण ती वेगळ्या उत्तराचा विषय आहे. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजा, आतली पट्टी कडक बकरमची करा, आणि टोपी भुवयांच्या जवळ, सरळ बसवा. मागे ढकलून घातलेली टोपी सगळ्या गणवेशाला सैल करते.

उन्हाचा विचार इथे करावाच लागतो. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या पुढे जातो. डिसेंबरात मुंबईत तेवढा त्रास नाही, पण हॉलमधली गर्दी, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि बूट मिळून दमट भट्टी होते. अस्तर पूर्ण घालू नका. पुढच्या भागाला आणि पाठीच्या वरच्या अर्ध्या भागालाच घाला, काखेत सुती कापडाचे गोल तुकडे लावा. गळ्याचा हुक मधूनमधून मोकळा करा आणि पाणी पीत राहा. ट्रायल घेताना निदान तासभर घालून घरात वावरा, काय टोचतं ते तेव्हाच कळतं.

एक गोष्ट फक्त सावधगिरी म्हणून, विशेषतः जे छद्मरंगाचा (कॅमोफ्लाज) साय-फाय सैनिक करणार आहेत त्यांच्यासाठी. आपल्या सैन्याचा लढाऊ गणवेश, त्याचं २०२२ मध्ये आलेलं नवं डिजिटल प्रिंट, खरे बिल्ले, अशोकचिन्ह, यांतलं काहीही वापरू नका. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूने तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. भुसावळ-वरणगावसारख्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गावांत तर लोक पटकन विचारतात. तुमच्या इंपीरियल गणवेशाला ही अडचण नाही, तरी प्रवास साध्या कपड्यांत करा आणि हॉलवर जाऊन बदला. खोटी बंदूक बरोबर नेणार असाल तर आयोजकांचे नियम आधी वाचा आणि ती बॅगेत बंद ठेवा.

रेल्वेने नेताना ट्यूनिकचा एक खांदा उलटा करून दुसऱ्यात घाला, म्हणजे अस्तर बाहेर आणि कापड आत राहतं. कॉलरच्या आत मऊ टॉवेलची गुंडाळी ठेवा, तिच्यावर वजन येऊ देऊ नका. पोचल्यावर ओल्या सुती फडक्यावरून इस्त्री करा, टेरीवूलवर थेट इस्त्री ठेवली की चकाकी येते आणि ती जात नाही.

आज एवढंच करा: ट्यूनिक उलटी करून खांदा, कूस, पाठ आणि मोड इथल्या मायेचे जवळून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा, आणि इथेच टाका. एक फोटो बूट घालून, हात खाली सोडून, अगदी नेहमीसारखं उभं राहून काढा. मुद्दाम ताठ होऊ नका, नाहीतर माप चुकेल. माया किती आहे ते दिसलं की खांद्यातून नेमकं किती घ्यायचं आणि गळा किती खाली कापायचा ते आकड्यात सांगतो, तो कागद तुमच्या टेलरला दाखवा.